अप्पा, ब्रीदर साफ होता

अप्पा, ब्रीदर साफ होता. त्यात बर्फ नव्हता, चिखल नव्हता, काहीच नव्हतं. शेवटच्या फोनवर मी तुम्हाला "तुमचंच खरं निघालं" असं सांगितलं, ते खोटं होतं. तुमचं चुकलं होतं.

हे आधीच लिहून टाकलं, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे. इकडचं तिकडचं लिहीत बसलो असतो तर कागद संपला असता आणि हे राहून गेलं असतं. तुम्ही म्हणायचातच, "दिग्या, गाडीचं दुखणं सांगताना गाडीवाल्याचं खानदान सांगत बसू नको."

काल गावाहून बापूंचा फोन आला होता. तुम्ही गेल्यानंतरच्या शिवगणाराधनेला सगळ्यांसमोर वाचायला मी काहीतरी लिहून पाठवावं असं त्यांचं म्हणणं. "तू त्येंच्या हाताखालचा माणूस. ते बर्फाचं लिही. चांगलं रंगवून लिही. माणूस हितं युसूफ वडगावात अंथरुणावर पडलेला, आन तिकडं लडाखात बर्फानं बुजलेला ब्रीदर नुसता फोनवर पकडतो. गावात दुसरं बोलणंच न्हाई."

म्हणजे बघा, माझं एक खोटं तुमचा शेवटचा पराक्रम होऊन बसलंय. तुमच्या घरी भेटायला येणाऱ्याला काकू तेच सांगतात. मी "हो बापू, लिहितो" म्हणालो आणि फोन ठेवला.

मांडवात बसलेल्या सगळ्यांनाच ब्रीदर म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून सांगतो. चारही चाकांना जोर लागणाऱ्या गाडीत पुढं एक आणि मागं एक असे लोखंडी गोळे असतात. त्यांना डिफरन्शियल म्हणतात, आणि वरच्या लोखंडी कवचाला हौजिंग. आत दातेरी चक्रं, आणि ती बुडतील इतकं जाड तेल. गाडी पळाली की तेल तापतं, आतली हवा फुगते. ती बाहेर जायला वर एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती नळी बुजली की हवा कोंडते आणि तेलाला ढकलते, मग जिथं रबराचं सील असेल तिथून तेल बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं सील गेलं. सील बिचारं चांगलं असतं.

तुमची माझी ओळख ह्या नळीमुळंच झाली. तेव्हा मी बापूंच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आठवीत नापास होऊन शाळा सुटली होती, ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवून झाला होता, वय तेवीस. बापूंच्या दारातल्या शहाबादी फरशीवर मागच्या गोळ्यातून तेल टिपकायचं आणि रोज सकाळी मी बोलणी खायचो. तीन गॅरेजं झाली. तिघांनी सील बदललं. आठ दिवस बरं, पुन्हा टिपका. बापूंना वाटायला लागलं की मीच गाडी आदळत नेतो. ड्रायव्हरकी जाते की काय, ह्या भीतीनं मी केजची गॅरेजं सोडून तुमच्याकडं आलो. तुमचं गॅरेज म्हणजे एक बाभळ, चार पत्रे आणि एक खड्डा.

तुम्ही गळ्यातलं लिंग बनियनच्या आतून पाठीकडं सारलंत आणि गाडीखाली गेलात. हातात पाना नव्हता. नळी उपसलीत, तोंडात धरून फुंकलीत. गाल फुगले, कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांवर घाम आला, पण हवा काही पलीकडं जाईना. तार घातली तर आतून मातीचा गोटा निघाला. कुंभारमाशीनं घर केलं होतं.

बापू मागनं मोटरसायकलवर आलेच होते. म्हणाले, "अप्पा, एवढ्यासाठी तीन सील बदलले व्हय?"

तुम्ही खालूनच म्हणालात, "बापू, तुमचं नाक-तोंड दाबलं तर हवा कुठनं निघंल? तिकडनंच निघाली ती."

बाभळीखाली बसलेली चार-पाच माणसं हसली आणि बापूही हसले. ज्यानं केलेली चेष्टा बापूंना चालली, असा मी पाहिलेला पहिला माणूस तुम्ही. महिन्याभरात मी बापूंची किल्ली परत दिली आणि तुमच्याकडं आलो. तुम्ही एवढंच विचारलंत, "भीती वाटती का तुला?" मी म्हणालो, लई. एकदा आवळलेला नट मी तीनदा बघतो. तुम्ही म्हणालात, "मग ऱ्हा. न भिणारे लई झालेत ह्या धंद्यात." माझ्या घाबरटपणाला आजवर शिव्याच मिळाल्या होत्या. त्याला काम मिळालं ते त्या दिवशी.

तुमच्या राखेच्या युक्तीचं मी इथं लडाखात कुणाला सांगितलं तर आधी हसतात. डिफरन्शियल तेलकट झालेलं असलं की सगळेच सांगतात, हितनं गळतंय. तुम्ही म्हणायचात, ओलं जिथं दिसतं तिथनं गळतच असंल असं न्हाई. वारा तेलाला मागं नेतो, दगड-माती त्याला चिकटवते. म्हणून आधी सगळा गोळा डिझेलनं धुवायचा, फडक्यानं कोरडा करायचा आणि गोवऱ्यांची बारीक चाळलेली राख कापडाच्या पुरचुंडीनं त्यावर थापायची. सगळं पांढरं झालं की गाडी केजपर्यंत न्यायची आणि आणायची, आणि थंड व्हायच्या आत खाली बघायचं. राख जिथं पहिल्यांदा काळी पडली ते दुखणं. बाकी सगळं त्याचं ओघळणं.

ती राख चाळायला तुम्ही काकूंची पिठाची चाळणी नेली होतीत तेव्हाचं आठवतंय का? काकू अंगणातून ओरडल्या, "अवो, दोन दिस झाले, माझ्या भाकरीला डिझेलचा वास येतोय." तुम्ही गाडीखालून बाहेरच आला नाहीत. मला म्हणालात, "जा बे, म्हण, अप्पा हितं न्हाईत." मी काकूंना तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग ते पाय कुणाचे हायत?"

आणि विडा गावाकडचा तो शेतकरी. त्यानं तुम्हाला राख थापताना बघितलं, वर कपाळावर विभूती बघितली आणि त्याला वाटलं अप्पा गाडीला अंगारा लावतात. दुसऱ्या दिवशी हात जोडून आला. "अप्पा, ट्रॅक्टर चालूच होईना. चिमूटभर द्या की." तुम्ही जाऊन टाकीत काडी घातलीत, वर काढलीत, त्याला दाखवलीत. कोरडी ठणठणीत. म्हणालात, "आधी डिझेल टाक. मग ऱ्हायलाच तर अंगारा लावू."

हसू येतंय लिहिताना. पण मला आज सांगायचीय ती साखरपुड्याची गोष्ट. तिच्यावरनं आपण भांडलो आणि ते भांडण मिटलं नाही.

बापूंच्या गाडीचं मागचं सील त्या वर्षी खरंच गेलं. तुम्ही नवीन घातलंत, मी हाताखाली होतो. चार दिवसांनी बापूंच्या मुलीचा साखरपुडा. सकाळी सहज म्हणून तुम्ही त्यांच्या दारावरनं निघालात आणि गाडीखाली बसून बघितलंत. टिपका. तुम्ही पिनियनच्या फ्लॅन्जवर, म्हणजे ज्या गुळगुळीत लोखंडावर सीलाची कड टेकते त्यावर, बोटाचं नख फिरवलंत. नख अडकलं. जुन्या सीलानं वर्षानुवर्षं घासून तिथं खाच पाडली होती. अशा लोखंडावर कितीही नवं सील घाला, ते तेल धरत नाही. हे बघायचं असतं सील घालायच्या आधी. तुम्हीच मला दहादा सांगितलं होतं आणि त्या दिवशी तुम्हीच विसरला होतात.

बापू मांडवात. नवरदेवाकडची माणसं बसलेली, टोप्या, फेटे, पेढ्यांची ताटं फिरताहेत. तुम्ही तसेच आत गेलात, तेलकट हातांनी. मी मागनं शर्ट ओढत होतो तुमचा. तुम्ही उभ्यानंच बोललात, "बापू, चूक माझी झालीय. सील घातलं पर खालचं लोखंड नखानं तपासलं न्हाई. पाहुण्यांना त्या गाडीत नेऊ नका. माळेगावच्या उतारावर तेल संपलं तर गोळा जाम होईल आन चाकं जाग्यावर बसतील."

बापू कसनुसे हसले. "अप्पा, मागनं सांगितलं असतं तरी चाललं असतं की."

"मागनं सांगेपर्यंत गाडी निघाली असती."

परत येताना मी तुमच्यावर चिडलो होतो. पहिल्यांदाच. म्हणालो, "कावून बोललात एवढ्या लोकांत? बापूंना बाजूला घ्यायचं, कानात सांगायचं. आता उद्या केजपर्यंत सगळे म्हणतील, अप्पाला सील घालता येईना."

तुम्ही चालता चालता म्हणालात, "गाडी त्यांची, उतार त्यांचा, आत बसणार ती लेकरं त्यांची. त्यात तुझी-माझी अब्रू कुठनं आली बे?"

मी म्हणालो, चूक सांगावी, पण चारचौघांत कशाला? तुम्ही म्हणालात, ज्यांनी कौतुक ऐकलं त्यांनी चूकबी ऐकावी. मला ते पटलं नाही. पुढं कितीतरी वेळा हा विषय निघाला आणि मला पटलं नाहीच. चूक मान्य करायला माझी ना नव्हती, फक्त ती दार लावून करावी असं माझं म्हणणं. आपण दोघंही हटलो नाही.

मग ह्या रस्त्याच्या कामाचा माणूस आला, लडाखला मेकॅनिक पाहिजे म्हणून. मी नको म्हणत होतो. थंडी, उंची, अनोळखी माणसं, मला सगळ्याचीच भीती. तुम्ही म्हणालात, "माझ्यापाशी ऱ्हाऊन तू माझ्याच चुका शिकशील. जा, दुसऱ्या मातीतल्या गाड्या बघ." बसमध्ये बसवायला आलात आणि खिडकीतून म्हणालात, "नट तीनदाच बघ. चौथ्यांदा बघू नको, येडा म्हणतील."

इथं कॅम्पावर साठ-सत्तर माणसं आहेत. खिंडीपलीकडं जायला-यायला चारही चाकांना जोर लागणारी एकच पिकअप. तीच सिमेंट आणते, तीच सळया आणते, आजारी माणूस खाली न्यायचा तर तीच. बर्फानं खिंड बंद व्हायच्या आधी मजुरांना खाली नेणार तीही तीच. ह्या गाडीचा मागचा गोळा गळायला लागला.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्हाला अंथरूण धरून दोन महिने झाले होते. काकू म्हणाल्या, बोलत न्हाईत, खात न्हाईत, भिंतीकडं तोंड करून पडतात. पण मी "गोळा गळतोय" म्हणालो आणि तुमचा आवाज आला, "कवा गळतंय? उभी असताना का पळताना?"

त्यानंतर रोज दुपारी फोन. इथं रेंज फक्त स्टोअरमागच्या टेकाडावर येते. मी तिथं कानटोपी घालून उभा आणि तुम्ही तिकडं उशीला टेकून. मी सांगितलं, रिकामी गाडी गळत नाही, माल भरून चढ चढली की गळते. तुम्ही लगेच म्हणालात, "माल, चढ, म्हंजे तापणार. तापलं की हवा फुगणार. ब्रीदर बघ."

बघितला. नळी काढून फुंकली, हवा आरपार. तसं सांगितलं. मला वाटत होतं, गोळ्याला बाजूची नळी, ज्यातून चाकाचा दांडा जातो ती, जिथं जोडलेली असते तिथं डावीकडं बारीक तडा असावा. माल भरला, चढाला जोर लागला की तो उघडत असावा, रिकामी असली की मिटत असावा. हे म्हणालो मात्र, तुम्ही खवळलात. खोकल्याची उबळ आली तरी बोलायचं थांबला नाहीत.

"ज्याला गळती सापडत न्हाई त्याला तडा दिसतो. आरं, ते हौजिंग हाय, रांजण न्हाई, ऊठसूट तडकायला. किती वाजता फुंकली नळी?"

"दुपारी. जेवण झाल्यावर."

"उन्हात. आन गाडी चढती कवा?"

"पहाटंनंतर, सकाळी."

"मग. रात्री नळीत पाण्याचा थेंब बर्फ होतोय, सकाळी बूच बसतंय, दुपारी तुझ्या फुंकायच्या वेळंला वितळून मोकळं. तू चोर गेल्यावर घर तपासायला लागलास."

अप्पा, मी तिथं टेकाडावर उभा राहून तोंड उघडं टाकून ऐकत होतो. ज्या माणसानं आयुष्यात फ्रीजमधल्याशिवाय बर्फ बघितला नाही, त्यानं पलंगावरून हा विचार केला होता. मला तर सुचलंच नव्हतं. आजही मी हे इथल्या पोरांना सांगतो, की असंही होऊ शकतं.

पण झालं नव्हतं तसं. दुसऱ्या दिवशी मी ब्रीदरची टोपी आणि नळी काढूनच टाकली, म्हणजे बुजायला काही उरलंच नाही. भोक उघडं, वर नुसतं फडकं बांधलेलं. गोळा डिझेलनं धुतला. आचाऱ्याकडून राख आणली. इथंही चुलीत शेणच जाळतात, याकचं. चाळणी मागितली तर आचारी अगदी काकूंसारखा बघायला लागला. राख थापली, सिमेंटच्या गोण्या भरल्या आणि सकाळीच पहिल्या चढापर्यंत जाऊन आलो. खाली बघितलं. सील कोरडं. सगळा गोळा पांढरा. डावीकडच्या जोडाला केसासारखी एक काळी रेघ, बोटाच्या दोन पेरांएवढी.

मी खाली बर्फात पाठीवर पडून हसत होतो. तुमचीच राख आणि तुमचाच नियम, की ज्या वजनात गळतं त्याच वजनात तपासायचं. त्यांनीच तुम्हाला खोटं पाडलं होतं. दुपारी फोनवर कसं चिडवायचं, तेही मी ठरवलं होतं. "अप्पा, रांजण तडकला," असं म्हणणार होतो.

फोन काकूंनी उचलला. हळू बोलत होत्या. "सकाळपासनं इचारतायत, दिगंबरचा फोन आला का. काल डॉक्टर येऊन गेला. बरं बोल बाबा काहीतरी." मग तुमचा आवाज. मला तो ओळखूच आला नाही.

"निघालं का?"

मी म्हणालो, "निघालं, अप्पा. बर्फच होता नळीत. तुमचंच खरं. गाडी चालू झाली."

मग तुम्ही हसलात. नंतर काकूंनी सांगितलं की तुम्ही उठवून बसवा म्हणालात, दोन घास भात खाल्लात आणि बघायला आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितलीत. बापूंनाही. दोन दिवस सांगत होतात. तिसऱ्या दिवशी गेलात.

तुम्हाला शेतात समाधी दिली. बसवून, अंगाला विभूती लावून, पूर्वेकडं तोंड करून, असं काकू म्हणाल्या. मी नव्हतो. त्या दिवशी फोनवर काकूंनी विचारलं, "गाडी चालू झाली म्हणालतास ना? मग निघून ये की." काय सांगणार होतो? गाडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकं काढलेली, हौजिंग खाली उतरवलेलं, आणि वेल्डर दुसऱ्या कॅम्पावरून यायचा होता. खाली जायला दुसरी गाडी नव्हती. एक खोटं बोललो होतो, त्यानंच माझी वाट अडवली. मी म्हणालो, सुट्टी देत नाहीत काकू. म्हणजे आणखी एक. ह्या कागदातून ते दुसरंही परत घेतो. काकू, साहेब नाही म्हणाले नव्हते. गाडीच नव्हती.

आता बापू म्हणतात बर्फाचं लिही. आणि खरं सांगू का, एक मन म्हणत होतं, लिहून टाक. तुमचं नाव होतंय, कुणाचं काय जातंय? पण रात्रभर डोक्यात एकच येत राहिलं. मांडवात दोन-चार गॅरेजवाली पोरंही बसलेली असतील. ती ही गोष्ट घेऊन जातील. उद्या त्यांच्यासमोर एखादी माल वाहणारी गाडी येईल, जोडाला तडा असलेली, आणि ती म्हणतील, अप्पांनी तर ब्रीदरच सांगितला होता. फुंकर मारून देतील गाडी सोडून. त्या गाडीत कुणाची तरी लेकरं बसलेली असतील.

म्हणून बापू, हे असंच वाचा. चारचौघांत वाचा. बर्फ नव्हता. अप्पांचं चुकलं होतं. अप्पा, आपल्या भांडणात तुम्ही जिंकलात, एवढंच म्हणतो.

आणि ऐकणाऱ्यांना वाटेल, ह्यानं गुरूचं नाव खाली केलं. मला तर उलटं वाटतं. ज्यांचं म्हणणं कुणी कधी तपासूच शकत नाही, अशी मोठी माणसं मी इथं पुष्कळ बघितली. स्वतःचं चुकलेलं पकडायचं हत्यार आठवी नापास ड्रायव्हरच्या हातात देऊन ठेवणारा मी एकच बघितला. तो आमच्या युसूफ वडगावचा होता. इथं इंजिनिअर मला विचारतात, तू कुठल्या कॉलेजचा? मी मान वर करून सांगतो, बाभळीखालचा.

हौजिंगचं काम कसं केलं ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढं पळणार नाही. मग तडा घासून खोल केला, आधी सगळा भाग गरम केला, थोडं थोडं करत वेल्डिंग भरलं आणि वाळू-पोत्यांत गुंडाळून सावकाश निवू दिलं. इथल्या थंडीत उघडं ठेवलं असतं तर शेजारी नवा तडा गेला असता. सगळं परत बसवलं, नवं तेल भरलं, माल भरून चढावर नेऊन आणली. डावा जोड कोरडा. उद्या सकाळी पहिली वीस माणसं घेऊन गाडी खिंडीतून खाली जाणार आहे.

इथवर लिहिलं आणि थांबलो. मनात आलं, त्या दुपारी खोटं न बोलता "अप्पा, डावीकडच्या जोडाला तडा हाय" असं म्हणालो असतो, तर तुम्ही काय म्हणाला असतात? आपण चुकलो म्हणून गप्प बसणारे तुम्ही नव्हे. "बरं झालं" असंही म्हणणारे नव्हे. तुम्ही लगेच पुढचा प्रश्न टाकला असतात. आणि तो प्रश्न मला तुमच्या आवाजात स्पष्ट ऐकू आला. "उजवीकडचा बघितला का बे? वजन काय एकाच बाजूला असतंय?"

नव्हता बघितला.

उजव्या जोडावर ब्रेकच्या नळीची पट्टी आहे, वर जुन्या चिखलाचा दगडासारखा थर. धुताना तो निघाला नव्हता, आणि डावीकडं सापडलं म्हणून मी तो खरवडलाही नाही. तीनदा नट बघणारा मी, एका सापडलेल्या तड्यानं इतका फुगलो होतो की दुसरीकडं एकदाही बघितलं नाही. कागद तसाच टाकून गेलो. पट्टी सोडली, चिखल काढला, जोड डिझेलनं भिजवला, कोरडा पुसला आणि राख थापली. मग हातोडीनं हलकेच ठोकत वाट बघितली. आत शिरलेलं डिझेल असेल तर बाहेर येणारच. आलं. बारीक, नखाएवढी रेघ. अजून आरपार गेलेली नाही, म्हणून तेल गळत नव्हतं. उद्या वीस माणसांचं वजन आणि खिंडीचा उतार मिळाला असता तर गेली असती.

साहेबांच्या तंबूकडं निघालो. सगळ्यांचं सामान बांधून झालं होतं, माणसं गाणी म्हणत होती, घरी फोन करून सांगून बसली होती. मी आत गेलो. तिथं साहेबांसोबत चार सुपरवायजर चहा पीत होते. त्यांना बाजूला घ्यावं, असं एकदा मनात आलं. मग सगळ्यांसमोरच बोललो, की काम माझं अर्धवट झालंय, चूक माझी आहे, उजवा जोडही तडकलाय, उद्या गाडी जाणार नाही, वेल्डर अजून इथंच आहे, परवा जाईल.

साहेबांनी कप खाली ठेवला. "सुबह तो तूने ही बोला था कि गाड़ी एकदम ठीक है. अब किसने बोला?"

"मेरे उस्ताद ने."

"अच्छा. कहाँ बैठा है तेरा उस्ताद?"

मी म्हणालो, "गाँव में, साहब. अपने खेत में."

आणि अप्पा, हे मात्र मी खोटं बोललो नाही.